खंबाटकीत बंद पडलेल्या बुलेटच्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

मे महिन्याच्या उन्हात, वहिनी बरोबर असताना गाडी रस्त्यात पुन्हा पुन्हा बंद पडली, याचं खरंच वाईट वाटलं. तुम्हा दोघांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. फोन उचलला नाही असंही तुम्ही लिहिलंय. रविवारी दुपारी आमचं शटर खाली असतं. संध्याकाळी मिस्ड कॉल बघून आम्ही उलट फोन केला होता, तो तुम्ही घेतला नाहीत. असो, प्रवासात असाल.

आम्हाला लागलं ते दुसरंच. आम्ही बनवून दिलेल्या पेट्रोलच्या टाकीबद्दल तुम्ही लिहिलंत, "टाकीत हवा जायला जागाच ठेवलेली नाही. यांना शाळेतलं फिजिक्स येत नाही. ८,५०० रुपये पाण्यात." एक स्टार दिलात, तुमचा हक्क आहे. पण हे वाचून परवा एका गिऱ्हाइकाने टाकीची ऑर्डर थांबवली. नाना पेठेत गॅरेज चालतं ते तोंडी नावावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचणाऱ्यांनी कंटाळू नये.

शिरवळच्या मेकॅनिकने झाकण उघडलं, फुस्स आवाज आला आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं निदान अगदी बरोबर आहे. कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाची) जाळी तुंबली असती किंवा कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागात, कचरा असता तर झाकण उघडून काही फरक पडला नसता. टाकीत हवा जात नव्हती, हे आम्हालाही मान्य. प्रश्न एवढाच, की ती कुणी बंद केली.

तुमची गाडी २०१२ची, कार्ब्युरेटरवाली. टाकीत पंप वगैरे काही नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. कार्ब्युरेटरच्या वर पेट्रोलची उंची किती, तर जेमतेम एक वीत. तेवढ्या उंचीचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण दीड टक्का. टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत हवेचा दाब तेवढा जरी कमी झाला तरी पेट्रोल थांबतं. गोडेतेलाच्या डब्याला आपण दुसरं भोक पाडतो ते ह्याचसाठी. भोक मोठं लागतं असंही नाही. लिटरला तीस किलोमीटर धरा, साठच्या वेगाने तासाला दोन लिटर पेट्रोल जातं, म्हणजे तासाला दोन लिटर हवा आत आली की झालं. सुईएवढं भोक पुरतं. पण ते हवं.

आता आठवून बघा. संक्रांतीनंतर तुम्ही टाकी करायला दिलीत, तेव्हा आम्ही दोन पर्याय सांगितले होते. एक, हवा यायला टाकीच्या आतून वरपर्यंत बारीक नळी घ्यायची, खाली तिला सहा मिलिमीटरचा पाईप जोडायचा आणि तो गिअरबॉक्सच्या मागून, सायलेन्सरपासून लांब, खाली सोडायचा. मध्ये कुठे झोळ पडू द्यायचा नाही, नाहीतर तिथे पेट्रोल साचून हवा अडते. टोक तिरकं कापायचं. आमच्या मते हेच उत्तम. (एकाच्या पाईपच्या टोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, तेवढं मधूनमधून बघावं लागतं.) दुसरा पर्याय, व्हेंटवालं झाकण, म्हणजे हवेसाठी बारीक भोक असलेलं. तुम्ही म्हणालात, पाईप लोंबताना दिसायला नको, कॅफे रेसरचा, म्हणजे जुन्या रेसिंग बाईकसारखा, लुक जातो. ठीक आहे, गाडी तुमची. आम्ही व्हेंटवालं झाकण दिलं. त्यात एक छोटी गोळी असते, गाडी आडवी झाली तर ती भोक बुजवते, एरवी हवा येत-जात राहते. गाडी द्यायच्या आधी कात्रजच्या जुन्या घाटात चढवून आणली, तुम्ही स्वतः मागे बसला होतात.

मग महाशिवरात्रीला तुम्ही भीमाशंकरला गेलात. तिथून आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलात, खाली लिहिलंत, "टाकी एक नंबर, सगळे विचारतायत". तो फोटो अजून आमच्याकडे आहे. त्यात आमचं झाकण आहे. आणि ह्या रिव्ह्यूला जोडलेला फोटो जरा मोठा करून बघा सर. त्यातलं चकचकीत, खटक्याने उघडणारं झाकण आमचं नाही. ते ऑनलाइन मागवलेलं आहे. आमचं गावठी दिसतं असं तुम्ही एकदा हसत म्हणाला होतात, तेव्हाच आम्ही समजायला हवं होतं बहुतेक.

ह्या झाकणांत दोन प्रकार येतात, व्हेंटवालं आणि बिनव्हेंटचं. बिनव्हेंटचं झाकण वेगळा पाईप असलेल्या टाकीसाठी असतं. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. तुमच्या टाकीला पाईप नाही, कारण तो तुम्हालाच नको होता, आणि वर बसलं बिनव्हेंटचं झाकण. दोन्ही दारं बंद. तरी गाडी खेड शिवापूरपर्यंत गेली, कारण सील काही शंभर टक्के बसत नाही आणि ऊन चढलं की पेट्रोलची वाफही थोडा दाब धरते. पुढे खंबाटकीचा चढ लागला, थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल जास्त लागणार, तिथे ते कमी पडलं. त्यात निघताना टाकी गळ्यापर्यंत भरलेली. वर हवेची जागाच कमी, मग दाब लवकर पडणार.

वाईला गाडी उभी असताना कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळलं, ते "फ्लोट पण खराब निघाला" म्हणून आमच्याच खात्यावर मांडलंत. फ्लोट म्हणजे कार्ब्युरेटरमधला तरंगता भाग, पेट्रोल पुरेसं आलं की तो सुईने वाट बंद करतो. त्याला आम्ही हातही लावलेला नव्हता. पेट्रोल तापलं की फुगतं. तेरा लिटरची भरलेली टाकी वीस अंशांनी तापली तर साधारण पाव लिटर वाढते. वर बंद झाकण, वाफेचाही दाब, बाहेर पडायला वाट नाही, कॉक तुमचा चालू. मग ते कार्ब्युरेटरची सुई ढकलून तिथूनच येणार. धावताना पेट्रोल उतरत नाही आणि उभी राहिली की गळते, दोन्हीचं कारण ते एकच झाकण.

आणखी एक, आणि हे रागाने नाही, काळजीने लिहितो. परत येताना तुम्ही झाकण सैल ठेवून, त्यावर फडकं बांधून पुण्यापर्यंत आलात. असं कृपया कुणीही करू नका. टाकीच्या खाली तापलेलं इंजिन असतं. अडलंच तर दर काही किलोमीटरवर थांबून, इंजिन बंद करून झाकण एकदा उघडायचं आणि पुन्हा घट्ट लावायचं. वेळ जातो, पण जीव जात नाही.

८,५०० रुपयांत पत्रा, वेल्डिंग, पाण्यात बुडवून लीक टेस्ट, आतलं कोटिंग, रंग आणि झाकण, सगळं आलं. स्वस्तात फायबरची टाकीही मिळाली असती, पण आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये तिचं रेझिन मऊ पडू शकतं, म्हणून आम्ही ती ठेवतच नाही. बीएस सहाच्या, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांच्या, गाड्यांच्या टाक्याही आम्ही घेत नाही. त्यात पंप टाकीतच असतो आणि टाकीची वाफ पाईपने कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये न्यावी लागते. तो पाईप नुसता बुजवून गाडी देणारे आहेत. आम्ही गिऱ्हाईक परत पाठवतो. फिजिक्स येत नसतं तर पाठवलं नसतं.

यापुढे झाकण बदलू नये असं बिलावर लिहून देण्याचा विचार आहे, टाकीखाली स्टिकर वगैरेही बघतो.

तुमचं काम करून देऊ. झाकणाला व्हेंटचं भोक पाडायचं की टाकीला पाईप बसवायचा, ते तुम्ही ठरवा, मजुरी घेणार नाही. पाईप बसवायचा तर टाकी पूर्ण रिकामी करून दोन दिवस ठेवावी लागेल, पेट्रोलची वाफ गेल्याशिवाय वेल्डिंग करता येत नाही. आमचं जुनं झाकण जपून ठेवलं असेल तर बरोबर आणा. सोमवारी गॅरेज बंद असतं.