ससा कुठं हाय?

बिल परत आलं. वर लाल शाईत शेरा : 'सशाची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला दिसून येत नाही. खुलासा व्हावा.'

मी सांगलीतल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मागवला होता सशाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा पिवळसर भाग. वाळवून भुकटी केलेला, अंगठ्याएवढ्या बाटलीत. बिल घेऊन तशीच अकाउंटला गेले. भाऊसाहेब भडंग खात होते.

"मॅडम, ससा कुठं हाय?"

"ससा नाही, प्लाझ्मा आहे."

"बिलावर रॅबिट लिवलंय."

"सशाच्या रक्तातला प्लाझ्मा, भाऊसाहेब."

त्यांनी भडंगातली मिरची बाजूला काढली. "म्हंजे मेला ससा?"

"मला काय माहीत! असेल कंपनीकडे, जिवंत."

"तसं न्हाई. मेला असंल तर निर्लेखन करून नोंदीतनं काढावं लागतंय. जिवंत असंल तर चाऱ्याला खर्चाचं हेड पायजे. ऑडिटवाला मला इचारणार, तुम्हाला न्हाई."

मग मी समजावायला बसले. गळू, रांजणवाडी करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू कोअ‍ॅग्युलेज नावाचं प्रथिन सोडतो. या प्रथिनाची खुबी अशी की ते स्वतः काही कापत-तोडत नाही. रक्तातल्याच प्रोथ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि विरघळलेल्या फायब्रिनोजेनचं फायब्रिन, म्हणजे धाग्यांचं जाळं, करायचं काम त्याच्याकडून करवून घेतं. (अकाउंट सेक्शनमध्ये हे उदाहरणासह शिकवता आलं असतं.) प्लाझ्मा गोठतो आणि त्या जाळ्याआड जंतू पांढऱ्या पेशींपासून लपतो. कातडीवरच्या त्याच्या गरीब भाऊबंदांपैकी बहुतेकांना हे जमत नाही. म्हणून नळीत पातळ केलेला प्लाझ्मा घ्यायचा, जंतू घालायचे, 37 अंशांवर ठेवायचं. खरवसासारखा गोळा धरला की समजायचं, हा त्यातला.

"मग सशाचंच कशाला? मिरजेत एवढी हॉस्पिटलं. माणसाचं मिळंल की फुकट."

"माणसाच्या प्लाझ्मात रोग असू शकतो. शिवाय या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीज असल्या की टेस्ट बिघडते."

"सशाला न्हाईत व्हय रोग?"

प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून जास्तच राग आला. 1903 मध्ये लिओ लोएब या संशोधकांनी हा गोठण्याचा प्रकार पाहिला तो हंसाच्या प्लाझ्मात. ते मी भाऊसाहेबांना सांगितलं नाही. हंस म्हटल्यावर त्यांनी वनखात्याचा दाखला मागितला असता.

एक सांगते, ही टेस्ट दिसते पोरखेळ, पण माणसाला बांधून घालते. पहिले चार तास अधूनमधून नळी हळूच तिरकी करून बघायची. हलवायची नाही, गोळा मोडतो. काही जंतू तर स्टॅफिलोकायनेजही सोडतात आणि धरलेला गोळा स्वतःच विरघळवतात. थेट दुसऱ्या दिवशी सकाळी बघणाऱ्याला नळीत पाणीच दिसतं आणि अट्टल गुन्हेगार निर्दोष सुटतो. आमच्या लॅबला साडेपाचला कुलूप लागतं. दुपारी दोनला प्रॅक्टिकल सुरू होतं. हिशेब तुम्हीच करा. वेळ वाढवून द्या म्हणून अर्ज केलाय, तो 'विचाराधीन' आहे. कोणाच्या विचारात, ते कळलेलं नाही.

शेवटी मी लिहून दिलं : 'सदर खरेदीत ससा समाविष्ट नाही.' भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं, इनवर्डला टाकलं आणि कपाटावरून बाटली काढून माझ्या हातात दिली.

कपाटावरून! बाटलीवर ढळढळीत छापलंय, 2 ते 8 अंश सेल्सिअस. पार्सल आल्यापासून ती तिथंच, पत्र्याच्या कपाटावर, सांगलीच्या एप्रिलात. विचारलं तर म्हणाले, "खुलासा येईस्तोवर माल ताब्यात देता येत न्हाई."

प्रॅक्टिकलला व्हायचं तेच झालं. खात्रीचा ऑरियस, जो गोठवणारच म्हणून तुलनेसाठी ठेवतात, त्याच्या नळीतही पाणीच. पोरांनी वहीत 'निगेटिव्ह' लिहून टाकलं. एकीने तर रंगीत पेन्सिलीने सुंदर आकृती काढली. कोणाला रागवायचं?

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब स्वतः लॅबच्या दारात. चपला बाहेर काढून, एकदम अदबीनं.

"मॅडम, मेव्हण्याच्या मानेवर गळू आलंय. परत परत येतंय. डॉक्टर म्हणतेत पू तपासून घ्या. तुमच्यात होईल न्हवं, ते गोठायचं?"

"डॉक्टर सांगतील त्याच लॅबला द्या. आणि माझा प्लाझ्मा बाद झालाय, भाऊसाहेब."

"आरारा! मग मागवा की नवीन," ते म्हणाले. "फक्त तीन कोटेशनं जोडा."