भूगोल संपला म्हणणाऱ्यांनी शिरोलीचा पूर आठवावा

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: क्षेपणास्त्रं आणि इंटरनेट आल्यापासून परराष्ट्र धोरणात भूगोलाला किंमत उरली नाही. माल कुठूनही नेता येतो, माहितीला सीमा नसते, शेजारी कोण आहे यानं काही बिघडत नाही. स्पर्धा परीक्षेची पोरं हे खरं मानून वहीत उतरवून घेताहेत, म्हणून लिहितोय.

‘माल कुठूनही नेता येतो.’ ऑगस्ट 2019 आठवा. शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि शहरात पेट्रोल मिळेना, मुंबईचं दूध अडकलं. गाड्या होत्या, चालक होते, वाट नव्हती. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडावरची बाब-एल-मांदेबची चिंचोळी सामुद्रधुनी ही जगाची शिरोली आहे. नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तिथल्या जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा बड्या जहाज कंपन्या सुएझ कालव्याची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. प्रवास 10 ते 14 दिवसांनी लांबला, युरोपच्या कंटेनरचं भाडं भडकलं. आपल्या फौंड्र्यांचं कास्टिंग त्याच वाटेनं जातं. हुथींकडे आरमार म्हणावं असं काही नाही. मोक्याचा किनारा आहे. क्षेपणास्त्रांनी तो किनारा निरुपयोगी केला नाही, उलट जास्त धोकादायक केला.

‘माहितीला सीमा नसते.’ देशादेशांतला 95 टक्क्यांहून जास्त डेटा समुद्रतळाच्या केबलींतून जातो. 2024 च्या सुरुवातीला याच तांबड्या समुद्रात त्या तुटल्या.

‘शेजाऱ्यानं काही बिघडत नाही.’ पाकिस्तान खुश्कीची वाट देत नाही, म्हणून मध्य आशिया गाठायला भारताला इराणचं चाबहार बंदर लागतं. मे 2024 मध्ये त्यासाठी 10 वर्षांचा करार झाला. ईशान्येला जोडणारी सिलिगुडीची पट्टी एके ठिकाणी जेमतेम 20-22 किलोमीटर रुंद आहे. म्हणजे कोल्हापूर ते पन्हाळा! 2017 साली या पट्टीच्या उत्तरेला, भूतान-चीन वादातल्या डोकलाम पठारावर चिनी रस्ता अडवून आपले जवान 73 दिवस उभे राहिले, त्यामागे या पट्टीची काळजी होती.

एवढं मात्र मान्य, की भूगोल सगळंच ठरवत नाही. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळा नुसता उंच असून भागलं नाही. भर पावसात, रात्री निसटायचं धाडस महाराजांनी केलं. पण बाजीप्रभू पाठलाग रोखायला उभे राहिले ते घोडखिंडीत, मोकळ्या माळावर नव्हे.