माजी विद्यार्थ्यांनो, एक मंगळवार द्या

माजी विद्यार्थी मेळाव्याला जाऊन आले त्याला पाच महिने होत आले. तेव्हाच लिहायला बसले होते, पण त्या दिवशी एका मुलीला दिलेलं उत्तर मला टोचत होतं. ते निस्तरल्याशिवाय लिहावंसं वाटेना.

मी 1998 साली एफवायबीएला आले. दिंडोरीहून सकाळची एसटी, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरायचं, तिथून चालत कॉलेज. 2001 मध्ये स्पेशल मराठी घेऊन बीए झाले. कॉलेजचं नाव मुद्दामच लिहीत नाही. माझ्या वर्गातल्यांना ते ठाऊक आहे, आणि मी जे सांगणार आहे ते जिल्ह्यातल्या कुठल्याही आर्ट्सच्या माजी विद्यार्थ्याला लागू पडेल.

मेळावा छान झाला. गुलाबाचं फूल, जुने सर, मसालेभात आणि जिलेबी. भाषणांत गॅदरिंग, कट्टा, कँटीनची उधारी असं सगळं आलं. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीच्या गळ्यात पडून मी रडलेही. पण मध्येच लक्षात आलं, की सध्याची मुलं सभागृहात नाहीतच. ती बाहेर आहेत. कुणी रांगोळीपाशी, कुणी नोंदणीच्या टेबलावर, कुणी पाण्याचे जग भरतंय. आम्ही आत आमच्या कॉलेजच्या आठवणी सांगत होतो आणि ज्यांचं ते आज कॉलेज आहे ती मुलं दाराबाहेर उभी होती.

नोंदणीच्या टेबलावरची मुलगी एमए मराठीच्या पहिल्या वर्षाची. सुरगाणा तालुक्यातली, मुलींच्या शासकीय वसतिगृहात राहणारी. निघताना तिने विचारलं, "मॅडम, मराठी घेऊन तुमचं पुढे कसं झालं?"

मी म्हणाले, "अगं, आवड असली की सगळं होतं."

ती हसली, 'हो मॅडम' म्हणाली आणि खुर्च्या उचलायला गेली. मी रिक्षात बसले आणि कळलं, की मी तिला खोटं सांगितलं. आवड होती हे खरं, पण आवडीने माझं काही झालं नाही. माझं झालं ते एका माणसामुळे.

आमच्या आधी आठेक वर्षं त्याच वर्गात शिकून गेलेले एक दादा एका छापखान्यात मुद्रितं, म्हणजे प्रूफं, तपासायचे. वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकाला मदत करायला ते अधूनमधून यायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. काम संपलं की सायकलवर येऊन वर्गाबाहेर थांबायचे. 10 मार्च 1999 ला तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, गेले, तेव्हा आम्हा एफवायच्या मुलामुलींना टिळकवाडीत त्यांच्या घराकडे घेऊन जाणारे ते दादाच. कवितेच्या पेपरात नाव असलेला माणूस आपल्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता, हे मला त्या दिवशी, त्या गर्दीत उभं राहून समजलं. सावानाचं, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकचं, सभासदत्व मी दादांच्या सांगण्यावरून घेतलं. 1840 पासूनचं ग्रंथालय शहरात आहे आणि आपण वर्षभर तिथे पाऊल टाकलं नाही, याची लाज त्यांनी न रागावता वाटायला लावली.

टीवायची परीक्षा झाल्यावर ते मला छापखान्यात घेऊन गेले. मालकांना म्हणाले, हिचं अक्षर बरं आहे, चुका दिसतात हिला. महिना 1800 रुपयांवर मी लागले. पुढे पानाच्या दराने मुद्रितशोधन, मग भाषांतर, मग पाठ्यपुस्तकांची कामं. आज घर चालतं ते यावर. कॉलेजने मला पदवी दिली, पण काम मिळालं ते एका माजी विद्यार्थ्यामुळे. सुरगाण्याच्या त्या मुलीला हे सांगायला हवं होतं, पगाराच्या आकड्यासकट.

मेळावे का होतात हेही माहीत आहे. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा वेगळा भाग असतो. संघटना नोंदणीकृत आहे का, देणगी किती आली, बैठका किती झाल्या. प्राध्यापकांना ती माहिती भरावीच लागते, त्यांच्यावर माझा राग नाही. आमच्या बॅचने पाण्याचा कूलर दिला, त्याचाही मला आनंद आहे. मे-जूनच्या उन्हात त्याची किंमत कळते. पण कूलर देऊन आपलं देणं फिटलं असं आम्ही धरून चाललो आहोत, ते मला मान्य नाही.

खरी गरज आता निराळी आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एमएच्या पहिल्याच वर्षी ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, सक्तीचं आहे. 4 क्रेडिट, एका क्रेडिटला 30 तास. कॉमर्सच्या मुलाला सीएचं ऑफिस मिळतं, सायन्सवाल्याला अंबड-सातपूरला एखादी लॅब मिळते. मराठी, इतिहास, राज्यशास्त्राच्या पोराने 120 तास जायचं कुठे? मग कुणाच्या तरी ओळखीने झेरॉक्सच्या दुकानाचा शिक्का आणला जातो. मी अशी प्रमाणपत्रं पाहिली आहेत. त्या मुलांची चूक नाही. दारं आपण उघडलेली नाहीत.

आणि हे नाशिक आहे. वसंत कानेटकर इथे कॉलेजात शिकवत नाटकं लिहीत होते. दलित साहित्यातले कथाकार बाबूराव बागूल विहितगावचे. लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. 2021 च्या डिसेंबरात 94वं साहित्य संमेलन आडगावला झालं. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी पोस्ट टाकल्या, मीही टाकली. पण मराठी घेऊन एमए करणाऱ्या मुलीला या शहरात 120 तासांचं खरं काम मिळत नसेल, तर त्या दर्जाचं तिने करायचं काय?

मेळाव्यानंतरच्या महिन्यात मी विभागात फोन केला. सर तासिका तत्त्वावर आहेत, तासाला मिळेल तेवढ्यावर चार वर्ग सांभाळतात. म्हणाले, या ना मॅडम, मंगळवारी साडेअकराला माझा तास आहे, तो घ्या. मी सोळा पानी मुद्रितांचे गठ्ठे आणि लाल पेनं घेऊन गेले. वर्गात सात जण. व्याख्यान दिलं नाही. म्हटलं, वाचा आणि चुका काढा.

पहिल्या अर्ध्या तासात फार काही सापडलं नाही, कारण सगळे गोष्ट वाचत होते. मग मी दाखवलं, ओळीखाली पट्टी धरायची, आडनाव आणि आकडा दोनदा वाचायचा, शीर्षक सगळ्यात शेवटी पुन्हा वाचायचं, कारण मोठ्या टायपातली चूक कुणालाच दिसत नाही. त्या सुरगाण्याच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, 'गरीब'चं 'गरिबाला' होतं, मग 'शरीर'चं 'शरिराला' का नाही?" अहो, साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतली ही नेमकी गाठ! 'शरीर' तत्सम, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून त्याची दीर्घ री सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना होणाऱ्या रूपातही, टिकते. 'गरीब' तसा नाही. पाच वर्षं काम करणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, तिला पहिल्या तासाला पडला. नंतर कळलं, तिच्या घरी कोकणा बोलतात. प्रमाण मराठी ती लहानपणापासून लक्ष देऊन शिकलेली आहे, म्हणून तिला ते दिसतं जे आपल्याला दिसत नाही. दोन भाषा येणाऱ्या या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं, की भाषांतराच्या धंद्यात हे भांडवल आहे.

त्या दिवशी मी तिला तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. पहिला पगार, अडलेली बिलं, ज्या वर्षी काहीच काम नव्हतं ते वर्ष, आणि आज पानाला काय दर मिळतो ते.

आमच्या ग्रुपवर हे सांगितलं तेव्हा एक मित्र म्हणाला, हे कॉलेजचं काम आहे, आपण का करायचं? त्याचं अर्धं बरोबर आहे. रिकाम्या जागा भरायला हव्यात, तासिकेवरच्या माणसांना नीट पगार हवा, त्यासाठी बोललंच पाहिजे. पण जागा भरेपर्यंत तीन बॅचेस बाहेर पडतील. आणि माझ्यासाठी सायकलवर आलेले ते दादा कुणाची नेमणूक घेऊन आले नव्हते.

म्हणून मागते आहे. आपल्यापैकी कुणी वृत्तपत्रात आहे, कुणी बँकेत, पंचायत समितीत, ग्रंथालयात, नाटकाच्या प्रकाशयोजनेत. दोघीजणी स्पर्धा परीक्षा देऊन मंत्रालयात आहेत. वर्षातून एक मंगळवार द्या. सत्कार नको, माईक नको. आपलं रोजचं काम सोबत घेऊन या, फाईल असेल तर फाईल, बातमी असेल तर बातमी. आणि ज्याच्या ऑफिसात एक जादा खुर्ची बसेल त्याने एका मुलाला 120 तास खरंच बसवावं, खरंच काम द्यावं, जमलं तर येण्याजाण्याचं भाडं द्यावं. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्याला तेही जड असतं.

माझ्याकडच्या दोन खुर्च्या भरल्या आहेत. एकीवर ती बसते, बुधवार आणि शनिवार, दुपारी दोन ते सहा. सात जणांपैकी पाच अजून शिल्लक आहेत. तीन मुली, दोन मुलगे. त्यातल्या एका मुलाला रेडिओची आवड आहे आणि आवाज फार चांगला आहे. आकाशवाणीत कुणाची ओळख असेल तर आज रात्रीच मला फोन करा.