सायन्स घेतलं की सगळे रस्ते मोकळे? नाही, तसं नसतं

दहावी-बारावीचे निकाल लागले की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मजकूर तोच असतो. मुलांना सायन्सच द्या, सायन्सवाल्याला पुढे कुठेही जाता येतं, आर्ट्सवाल्याला नाही. इंजिनिअरिंगला कॉलेज कुठलंही चालेल, ब्रँच मात्र कॉम्प्युटरच हवी. इतिहास, मराठी हे विषय घरी वाचूनही होतात, त्यासाठी तीन वर्षं कशाला? बीए करायचंच तर एमपीएससीसाठी, कारण ते सोपं असतं आणि अभ्यासाला वेळ मिळतो. आणि काही चुकलंच तर नव्या शैक्षणिक धोरणात विषय हवे तेव्हा बदलता येतात.

मी पदवी महाविद्यालयात शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत मदत कक्षाच्या टेबलावर बसते, तेव्हा पालक हाच मेसेज मोबाइलवर उघडून समोर धरतात. त्यामागची काळजी खरी आहे. शेतीच्या किंवा बेताच्या पगाराच्या पैशांतून मुलाला शिकवायचं, तर ती वर्षं आणि तो पैसा वाया जाऊ नये असं कुणालाही वाटेल. म्हणूनच त्यातलं एकेक विधान तपासून पाहायला हवं.

"सायन्सवाल्याला कुठेही जाता येतं." यात जे खरं आहे ते आधी सांगते. मेडिकलची प्रवेश परीक्षा नीट, इंजिनिअरिंग आणि फार्मसीची राज्याची प्रवेश परीक्षा सीईटी, आर्किटेक्चर, कृषी पदवी या सगळ्यांना बारावीला ठरावीक विषय लागतातच. ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याने आर्ट्सचा फॉर्म भरू नये, यात वाद नाही. पण "सायन्स" नावाचा एकच विषय नसतो, आणि घोळ तिथेच होतो. गणित ठेवून जीवशास्त्र सोडलं की नीटची वाट बंद होते. ती उघडायची तर जीवशास्त्र नंतर जादा विषय म्हणून वेगळं पास व्हावं लागतं. जीवशास्त्र ठेवून गणित सोडलं की इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखा जातात. बायफोकल, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा व्यावसायिक विषय घेतला तर दोनशे गुणांचा तो विषय दुसऱ्या भाषेची आणि आणखी एका विषयाची जागा घेतो. बहुतेक वेळा मराठी आणि जीवशास्त्र जातं. मार्क पडतात म्हणून आयटी घेणाऱ्यांचीही दुसरी भाषाच सुटते. म्हणजे सगळे रस्ते मोकळे ठेवायला निघालेल्या मुलाने अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात दोन रस्ते बंद केलेले असतात, आणि घरात ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

त्याहून मोठी गोष्ट गुणांची. नुसतं सायन्सला असणं पुरत नाही. खुल्या प्रवर्गासाठी इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) ४५ टक्के लागतात, मेडिकलच्या प्रवेशाला पीसीबीमध्ये (गणिताऐवजी जीवशास्त्र) ५०. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉसाठी कुठलीही शाखा चालते, पण तिथेही ४५ टक्क्यांची अट आहे. आता जिला आर्ट्सला सत्तर-पंचाहत्तर टक्के मिळाले असते अशी मुलगी घ्या. तिला न झेपणारं सायन्स दिलं, इंटिग्रेटेडची, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या वर्गाची फी भरली, दोन वर्षं क्लास आणि कॉलेज यांच्यात ती दमून गेली आणि शेवटी ४२ टक्क्यांवर आली. तिच्यासाठी इंजिनिअरिंग बंद आणि पाच वर्षांचं लॉही बंद. सायन्सने तिच्यासाठी कोणता रस्ता उघडला? अशा मुली मी टेबलापलीकडे बसलेल्या पाहते आणि त्यांच्याशी बोलताना मला फार वाईट वाटतं, कारण त्या हुशार असतात.

आणि आर्ट्सवाल्याला खरंच कुठे जाता येत नाही का? लॉचं वर सांगितलंच. सीए फाउंडेशनला कुठल्याही शाखेचा बारावी पास विद्यार्थी बसतो. निफ्ट आणि एनआयडी या फॅशन आणि डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थांमध्ये डिझाइनच्या पदवीसाठी शाखेची अट नाही. सैन्याधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या एनडीएत नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं, पण भूदलासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते, आणि २०२२ पासून तिथे मुलींच्याही तुकड्या आहेत. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीला दहावीला गणित आणि इंग्रजी असलेला, बारावी कुठल्याही शाखेतून झालेला विद्यार्थी पात्रता टप्पा पार करून प्रवेश घेऊ शकतो. यूपीएससीला पदवी कुठलीही चालते, एमबीएच्या कॅट परीक्षेलाही कुठलीही, गुणांची अट तेवढी पाळायची.

एक गोष्ट पालकांना मी पुस्तक हातात देऊनच दाखवते. बालभारतीचं अकरावी-बारावीचं गणिताचं पुस्तक. त्याच्या मुखपृष्ठावर "गणित व संख्याशास्त्र" या नावाखाली कंसात लिहिलेलं असतं : कला आणि विज्ञान. कॉमर्सचं पुस्तक वेगळं आहे. आर्ट्सचं आणि सायन्सचं एकच. तेच कलन, त्याच सारणी, तीच संभाव्यता, तीच बोर्डाची प्रश्नपत्रिका. आर्ट्सला राहून अर्थशास्त्र, इतिहास आणि हे गणित असे विषय घेणारी मुलगी पुढे अर्थशास्त्राच्या एमएला ताठ मानेने उभी राहते, कारण तिथे अवकलनाशिवाय पान हलत नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बीस्टॅट या संख्याशास्त्राच्या पदवीलाही बारावीला गणित आणि इंग्रजी हवं, शाखा कुठली ते विचारत नाहीत. अडचण एवढीच की प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात आर्ट्सच्या वर्गाला गणित शिकवलं जात नाही. त्यामुळे "आर्ट्स की सायन्स" यापेक्षा "तुमच्याकडे आर्ट्सला गणित मिळतं का" हा प्रश्न कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारणं जास्त मोलाचं आहे.

"कॉलेज कुठलंही, ब्रँच कॉम्प्युटर." यावर थोडक्यात. तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स अशा नावांच्या जागा वाढल्या. जागा कागदावर एका वर्षात वाढतात. शिकवणारी माणसं आणि प्रयोगशाळा त्या वेगाने तयार होत नाहीत. एके काळी चाकण-पिंपरीच्या पट्ट्याकडे बघून मेकॅनिकल हीच खात्रीची ब्रँच मानली जायची, आणि पुढे त्याच ब्रँचच्या जागा राज्यभर रिकाम्या राहिल्या. आज घेतलेल्या प्रवेशाची नोकरी चार वर्षांनी येते. म्हणून निदान एवढं बघा : नॅकचा दर्जा संपूर्ण कॉलेजला मिळतो, एनबीएची मान्यता त्या त्या अभ्यासक्रमाला मिळते. "आमचं कॉलेज ए प्लस आहे" असं सांगितलं की तुम्ही घेताय त्या ब्रँचला एनबीए आहे का, हे विचारा. बीएमएस, बीबीए, बीसीएच्या बाबतीत नावही नीट वाचा. २०२४ मध्ये हे अभ्यासक्रम एआयसीटीईखाली आले आणि त्यांना सीईटी लागू झाली, त्यानंतर काही महाविद्यालयांनी तशाच धाटणीचे अभ्यासक्रम वेगळ्या नावाने सुरू केले. प्रमाणपत्रावर नेमकं कुठलं नाव येणार, हे फी भरण्याआधी कळलं पाहिजे.

"इतिहास, मराठी घरी वाचून होतं." या विधानाचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे लिहिणाऱ्याने या विषयांचं काम कधी पाहिलेलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुनी दप्तरं उघडली गेली. तेव्हा जागोजागी एकच अडचण आली. बरेच कागद मोडी या मराठीच्या जुन्या लिपीत होते आणि मोडी वाचणारी माणसं पुरेशी नव्हती. मोडीचा कागद म्हणजे काय असतं ते सांगते. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडव्या रेघा ओढलेल्या असतात आणि हात न उचलता अक्षरं त्या रेघेला टांगलेली असतात. शब्द कुठे संपला ते कळत नाही, दोन शब्दांत जागाच सोडलेली नसते. ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. त्यात कागदावर तारीख असते "सुहूर सन अर्बा सबैन मया व अलफ". हे अरबी आकडे उलटे वाचायचे : चार, सत्तर, शंभर, हजार. झाले ११७४. त्यात ५९९ मिळवायचे, की मृगापासून सुरू होणारं १७७३-७४ हे वर्ष हाती येतं, म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते वर्ष. एवढं झाल्यावर कागद लागला असं म्हणायचं. तो खरा की नक्कल, लिहिणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. हे घरी गोष्टीसारखं वाचून येत नाही. कुणीतरी शेजारी बसून आपलं चुकलेलं वाचन दुरुस्त करावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा.

साध्या बीएत मोडी शिकवतीलच असं नाही, हे मान्य. पण इतिहास घेणाऱ्या मुलाने पहिल्याच वर्षी राज्य सरकारच्या पुराभिलेख (जुन्या दप्तरांच्या) संचालनालयाच्या मोडी वर्गाची चौकशी करावी आणि तीन वर्षांत हात बसवावा. जमिनीचे, इनामांचे, देवस्थानांचे कागद घेऊन फिरणारी माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. मानसशास्त्राचंही तसंच. तिथे माणसांशी गोड बोलायला शिकवतात असं समजून येणाऱ्या मुलांना संख्याशास्त्र आणि प्रयोगवह्या समोर आल्या की धक्का बसतो. शिवाय नुसत्या बीएवर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण घ्यावं लागतं. विषय सोपा नाही आणि रस्ता लांबचा आहे, हे माहीत असूनही ज्याला तो घ्यावासा वाटतो त्याने जरूर घ्यावा.

"बीए एमपीएससीसाठी बरं, वेळ मिळतो." वेळ मिळतो, कारण अनेक मुलं वर्गात येत नाहीत आणि परीक्षेच्या आधी गाइड वाचून पास होतात. पण २०२५ च्या राज्यसेवेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या १७५० लेखी गुणांपैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांचे आहेत, यूपीएससीसारखेच. पर्यायांवर गोल रंगवण्याचे दिवस मुख्य परीक्षेपुरते तरी संपले. आता पानभर उत्तर लिहावं लागतं, मत मांडावं लागतं, त्याला आधार द्यावा लागतो. हे शिकण्याची जागा म्हणजे तीच तीन वर्षं, जी "वेळ मिळावा म्हणून" मोकळी ठेवली जातात. राज्यशास्त्र, भूगोल किंवा मराठी साहित्य मनापासून शिकलेल्या मुलाचा वैकल्पिक विषय पदवीतच निम्मा तयार होतो.

दुसरी बाजू बोलायला जड जाते, पण बोललं पाहिजे. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गात वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत बसता येतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये तिशी ओलांडलेली मुलं सकाळी सहाला जागा धरायला येतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण जागा थोड्या आणि अर्ज प्रचंड, त्यामुळे बहुतेकांची निवड होणार नाही हे प्रत्येक जाहिरातीतच दिसतं. त्या दिवशी हातातली पदवी स्वतःच्या बळावर उभी राहणारी हवी. म्हणून स्पर्धा परीक्षा करायची असली तरी विषय असा निवडा, ज्यात परीक्षा नाही निघाली तरी पुढे एमए, बीएड, लॉ किंवा नोकरी करण्याइतकं तुम्हाला खरंच येत असेल.

शेवटचं विधान, "नव्या धोरणात विषय हवे तेव्हा बदलता येतात." धोरणात सोय आहे, पण ती जशी सांगितली जाते तशी नाही. आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची रचना आली. मेजर हा तुमचा मुख्य विषय, मायनर हा जोडविषय. तो पहिल्या वर्षानंतर सहजासहजी बदलत नाही, कारण पुढच्या सत्रांचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे मोजलेले श्रेयांक, त्याच्यावरच उभे असतात. एका वर्षाने बाहेर पडून सर्टिफिकेट घ्यायचं तर ४० ते ४४ क्रेडिट आणि वर आणखी ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम पूर्ण करावं लागतं. बाहेर पडलात तर तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी संपवायची. चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर एमए एका वर्षात होतं, हा खरा फायदा, आणि तो मेसेजमध्ये कुठेच नसतो.

मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह या ऐच्छिक विषयातच खरी निवड करता येते. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यायचा असतो, म्हणजे इतिहासवाल्याला संख्याशास्त्राची ओळख आणि रसायनशास्त्रवाल्याला मराठी लेखन शिकता यावं हा हेतू. छोट्या गावातल्या कॉलेजात मात्र जे शिक्षक आहेत त्यांचेच विषय ऐच्छिक म्हणून मांडले जातात आणि यादीत दहा नावं असली तरी वर्ग दोनाचेच भरतात. म्हणून फॉर्म भरायच्या आधी ऑफिसात तीन गोष्टी मागा : गेल्या वर्षी प्रत्यक्ष चाललेल्या मायनर आणि इलेक्टिव्हची यादी, तुमच्या मेजरला शिकवणारे पूर्णवेळ शिक्षक किती, आणि तिसऱ्या वर्षाची एखादी जुनी प्रश्नपत्रिका. ती प्रश्नपत्रिका घरी नेऊन मुलासमोर ठेवा. त्यातलं एकही उत्तर त्याला आज येणार नाही, येऊही नये. पण एखाद्या प्रश्नावर तो थांबला आणि "हे काय असतं?" असं विचारलं, तर त्या विषयाचा फॉर्म भरायला हरकत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सगळ्या विषयांचे अभ्यासक्रम पीडीएफमध्ये असतात. तिथे दोन-तीन विषय शेजारी ठेवून हेच करून बघता येतं, आणि त्याला एक संध्याकाळ पुरते.