फीडबॅक चालू असूनही रिपोर्ट का मरतो?

तुमचा राग रास्त आहे. पोस्टग्रेस डेटाबेसबद्दलचं ‘हॉट स्टँडबाय फीडबॅक चालू करा आणि विसरून जा’ हे वाक्य माझंच. त्यातलं ‘विसरून जा’ मागे घेतो. तुम्ही म्हणता, ते चालू केल्यावर प्रायमरीवरची (मुख्य सर्व्हरवरची) टेबलं फुगली आणि स्टँडबायवरचा (त्याच्या मागोमाग चालणाऱ्या प्रतीवरचा) रात्रीचा रिपोर्ट तरीही मधेच रद्द झाला. म्हणून आता प्रायमरीवरचा ऑटोव्हॅक्यूमच, म्हणजे आपोआप होणारी साफसफाईच, बंद करणार आहात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! तेवढं करू नका; टेबलं आणखी फुगतील.

आधी फुगण्याचं. पोस्टग्रेसमध्ये ओळ अपडेट झाली की जुनी प्रत टेबलातच पडून राहते, ती नंतर व्हॅक्यूम काढतो. फीडबॅक म्हणजे स्टँडबायने प्रायमरीला सांगणं, ‘माझ्याकडे कुणीतरी अजून जुनं वाचतंय, थांब.’ रिपोर्ट तीन तास चालला तर प्रायमरीवर तीन तासांचा कचरा साठणारच, आणि तोही फक्त रिपोर्टातल्या टेबलांत नाही. ही किंमत मी लिहायला हवी होती. चूक माझी.

रिपोर्ट मेला त्याचं कारण मात्र बहुधा वेगळं आहे. टेबलाच्या शेवटची बरीच पानं रिकामी झाली की व्हॅक्यूम ती कापून जागा डिस्कला परत देतो. त्यासाठी तो टेबलावर सर्वांत कडक कुलूप घालतो. प्रायमरीवर कुणी वाचत असेल तर कुलूप मिळत नाही, तो थोडं थांबून नाद सोडतो. स्टँडबायवरचा वाचक त्याला दिसतच नाही! ते कुलूप वॉल लॉगमधून (प्रायमरीवरच्या बदलांची नोंदवही, जी वाचून स्टँडबाय तसंच करतो) स्टँडबायवर जसंच्या तसं पोचतं. फीडबॅक जुन्या प्रतींपुरता असतो, कुलपाशी त्याचा संबंध नाही. स्टँडबाय मुळात 30 सेकंद वाट बघतो, मग आड येणारी क्वेरी रद्द करतो. तो आधीच मागे पडलेला असेल तर तेवढीही सवलत मिळत नाही.

खात्री करायला स्टँडबायवर ‘पीजी स्टॅट डेटाबेस कॉन्फ्लिक्ट्स’ बघा; कोणत्या कारणाने किती क्वेरी रद्द झाल्या ते त्यात असतं. लॉकचा आकडा वाढत असेल तर रोज भरून रिकाम्या होणाऱ्या टेबलांवर ‘व्हॅक्यूम ट्रंकेट’ (शेवटची पानं कापणं) बंद करा. आवृत्ती 12 पासून ही सोय आहे. स्नॅपशॉटचा (जुन्या प्रतींमुळे रद्द झालेल्यांचा) वाढत असेल तर माझा अंदाज चुकला.

मी स्वतः रिपोर्टसाठी वेगळा स्टँडबाय ठेवतो, फीडबॅक बंद, ‘मॅक्स स्टँडबाय स्ट्रीमिंग डिले’ (वर सांगितलेली वाट बघण्याची मुदत) चार तास. तो मागे पडतो, पडू दे. फेलओव्हरसाठी, म्हणजे प्रायमरी बंद पडल्यास जागा घ्यायला, दुसरा आहे. तुमच्याकडे स्टँडबाय एकच असेल तर हे जमणार नाही. तसं असल्यास दोन्ही आकडे इथे टाका, मग बघू.