परदेशातून : या वेळी गोळ्या आणायची पाळी कोणाची?

विदर्भातल्या खेड्यांत एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांनी पाळीपाळीने सगळ्यांच्या गोळ्या आणायचे गट करावेत म्हटलं, की गावाकडून ठरलेलं उत्तर येतं : बोभाटा होईल. भीती खोटी नाही. वऱ्हाडात एसटीचा कंडक्टरसुद्धा ‘आज कुठं?’ विचारतो. पण गट नसला तरी प्रत्येकाला एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राला, जावंच लागतं, आणि ऐन वेचणीत दिवसाची मजुरी बुडते.

इथे मोझांबिकमध्ये, तेते प्रांतात, २००८ साली असे गट सुरू झाले. तब्येत स्थिर असलेले जास्तीत जास्त सहा जण. फेरीआधी ते एकत्र बसतात, उरलेल्या गोळ्या मोजतात, खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन विचारतात आणि गटाच्या कार्डावर मांडतात. मग एकजण सगळ्यांची कार्डं घेऊन जातो, स्वतःला तपासून घेतो, सहाही जणांची औषधं आणतो. सुरुवातीला महिन्याला एक फेरी असे, म्हणजे प्रत्येकाची पाळी आणि तपासणी सहा महिन्यांनी.

हा सहाचा आकडा मात्र आंधळेपणाने उचलू नका. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळत असतील तर सहा जणांत पाळी दीड वर्षाने येईल आणि वर्षाची व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) तपासणी हुकेल. तिथे दोघंच पुरेत. नवरा-बायको दोघंही उपचारांवर असतील तर गट घरातच झाला.

बाकीच्यांनी गट गावाचा न करता आठवडी बाजाराचा करावा. चार गावची माणसं बाजारात बोलत उभी राहिली तर कोण बघतं? जुळवाजुळव करण्याआधी सेंटरने प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी; २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा संमतीशिवाय नाव फोडू देत नाही.

घोळ होतो तो बाटल्यांचा. खुळखुळ नको म्हणून गोळ्या पन्नीत काढल्या की ओल लागते, आणि कोणाच्या कोणत्या तेही कळत नाही. बाटली तीच ठेवा. टीबीची औषधं सुरू झालेल्याने स्वतः जावं : टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे एचआयव्हीचं डोल्युटेग्राव्हिर कमी पडतं, १२ तासांनी त्याची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते. मिरची तोडायला तेलंगणात निघालेल्याची पाळी निघण्याआधीच दुसऱ्याला द्या, आणि त्याच्या पिशवीत परतीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मोजून घाला.