लेझर डायोड महाग घेतला, तरी ड्रायव्हरचं काय?

लेझर डायोडवरच्या (लेझरचा किरण देणाऱ्या छोट्या भागावरच्या) एका लेखात म्हटलंय की नामांकित कंपनीचा महाग डायोड घ्या, तो वर्षानुवर्षं टिकेल. मला अर्धंच पटलं. इंदूरला गच्चीवरच्या खोलीत मी 650 नॅनोमीटर तरंगलांबीचे 3 लाल डायोड मारलेत, त्यातला एक चांगला महागाचा होता.

पहिला नुसता रेझिस्टर लावून मोबाईलच्या चार्जरला जोडला होता. चालू करताना करंटचा एक झटका बसला आणि खेळ खलास. आतल्या स्फटिकाचा आरशासारखा काठ मायक्रोसेकंदात जळतो. गंमत म्हणजे मेलेला डायोडही एलईडीसारखा मिणमिणतो, त्यामुळे तो जिवंतच वाटतो! दुसरा डिसेंबरच्या कोरड्या हवेत, अंगात स्वेटर असताना डायोडचे पाय (तारा) हाताळल्याने, अंगावरच्या स्थिर विजेने गेला. तिसऱ्याला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) नव्हता आणि मे महिना होता. तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं.

आता कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (करंट ठरावीकच ठेवणारं सर्किट), धातूचं हाऊसिंग आणि करंट डेटाशीटमधल्या (कंपनीच्या माहितीपत्रकातल्या) कमाल करंटच्या 75 टक्क्यांपर्यंतच. ज्याची डेटाशीट मिळत नाही, तो डायोड फुकट मिळाला तरी नको. लेझरपासून डोळे वाचवणाऱ्या चष्म्याबद्दल लेखात अक्षरही नाही, हे मात्र खटकलं. तो लेझरची तरंगलांबी बघूनच घ्यावा लागतो.